गोफणगुंडा आणि उडती तबकडी

दिवाळीला गावी जावे आणि गडावर जाऊ नये, हे आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला शोभत नाही. पण वय झाले म्हणजे गड पायथ्यावरूनच डोळे भरून पाहावा लागतो. गेल्या दिवाळीत मी असाच तोरण्याच्या पायथ्याशी एका भातखाचराच्या बांधावर बसलो होतो. (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. नाव थोर आहे. पण जिभेची जुनी सवय सुटत नाही, म्हणून या लेखात ‘वेल्हे’ आले तर वाचकांनी समजून घ्यावे.) हळव्या भाताची कापणी होऊन वरचे खाचर मोकळे झाले होते, खालच्या अंगाचे गरवे भात मात्र लोंब्यांच्या भाराने वाकून अजून उभे होते. शेताचे धनी आबा बांधावर पाखरे राखीत बसले होते. त्यांच्या मांडीवर गोफण होती. अंगणात त्यांची दहा वर्षांची नात दिवाळीचा मातीचा किल्ला लिंपीत होती.

माझ्याबरोबर माझा पुतण्या होता. तो कॅलिफोर्नियात नोकरीला असतो. तिकडून येताना कोणी सुके मेवे आणतो, कोणी घड्याळ. या पठ्ठ्याने आणल्या होत्या दोन प्लास्टिकच्या तबकड्या. ताटलीपेक्षा थोड्या लहान, कडेला धार काढल्यासारख्या निमुळत्या, रंगाने एक तांबडी आणि एक पिवळी. तिकडे या तबकड्यांचा गोल्फसारखा खेळ खेळतात. चेंडूऐवजी तबकडी फेकायची आणि खळग्याऐवजी साखळ्यांच्या टोपलीत ती पाडायची. लांब पल्ल्याच्या पहिल्या फेकीसाठी जी तबकडी वापरतात तिला गोल्फमधल्या काठीवरूनच ‘ड्रायव्हर’ म्हणतात. दोन्ही तबकड्या ड्रायव्हरच होत्या आणि दिसायला जुळ्या बहिणी. फरक एवढाच की तांबडी होती १७५ ग्रॅमची आणि पिवळी १५० ग्रॅमची.

“काका, सांगा पाहू, कुठली लांब जाईल?” पुतण्याने विचारले.

मी अर्थातच जड तबकडीकडे बोट दाखविले. पुतण्याने ती छातीशी आडवी नेली आणि अंगाला पीळ देऊन सोडली. समोरून वारा होता, तरी ती सरळ रेषेत भराभर गेली आणि खाचराच्या पलीकडच्या बांधाला लागली. मग त्याने त्याच जोराने पिवळी सोडली. ती सुसाट निघाली, अर्ध्या वाटेत उजवीकडे कलंडली आणि थेट गरव्या भातात जाऊन पडली. आबा ओरडले. मी मात्र मनातून सुखावलो. माझे उत्तर बरोबर आले होते.

तोपर्यंत आबांची नात मातीचे हात परकराला पुसत येऊन उभी राहिली होती. “मला द्या की एकदा,” ती म्हणाली. आबा म्हणाले, “तुझ्याच्यानं नाय व्हायचं ते.” तरी तिने तांबडी फेकली. ती लगेच डावीकडे वळून खाली आली. मोजली तर तीस पावले. मग तिने पिवळी फेकली. ती जराशी तरंगली, सरळ राहिली आणि एकेचाळीस पावलांवर उतरली. म्हणजे एकाच बांधावर, एकाच घटकेत, एकाच प्रश्नाला दोन उलट उत्तरे मिळाली. जवानाच्या हातून हलकी तबकडी फसली आणि पोरीच्या हातून जड फसली.

मग खरे काय? हलकी वस्तू लांब जाते, की जड? या साध्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा आबांच्या मांडीवरच पडला होता.

गोफण आता पुष्कळांनी चित्रातच पाहिली असेल. विणलेली दोन हातभर लांबीची दोरी, मध्ये दगड बसेल अशी रुंद खोळ. एका टोकाला बोटात अडकविण्यासाठी फास असतो, दुसरे टोक नुसते चिमटीत धरायचे. खोळीत गुंडा ठेवून डोक्याभोवती एक-दोन फेरे द्यायचे आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. हाताची लांबी वाढविणे एवढेच गोफणीचे काम. पण तेवढ्यानेच गुंड्याचा वेग हाताने फेकलेल्या दगडाहून कितीतरी वाढतो. दोरीच्या टोकाचे वर्तुळ मोठे, म्हणून तितक्याच वेळात त्याला अंतर जास्त कापावे लागते.

मी आबांना विचारले, “गुंडा कसा निवडता?” ते म्हणाले, “हाताला जड नाय लागला पायजे, अन् वाऱ्यावर उडूनबी नाय गेला पायजे. ज्याच्या त्याच्या हाताचा गुंडा येगळा.” मी हे वाक्य मनात टिपून ठेवले. पुढे पुस्तके चाळली तेव्हा कळले की, या एका वाक्यावर कवी आणि शिपाई यांचे अडीच-तीन हजार वर्षे भांडण चालले आहे.

कवी नेहमी आपल्या वीराच्या हाती जड वस्तू देतो. आपल्याकडे शिवधनुष्य इतरांना हलविता येत नाही, भीमाची गदा दुसऱ्या कोणाला पेलत नाही. ग्रीकांच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातही तेच आहे. परक्या राजाच्या घरी ओडिसियसला कोणी खेळावरून डिवचतो. तेव्हा तो अंगावरचा अंगरखासुद्धा न काढता उठतो, इतरांनी फेकलेल्या थाळ्यांहून मोठी आणि जड थाळी मुद्दाम निवडतो आणि ती सर्वांच्या पुढे फेकून दाखवितो. ऐकणाऱ्याला धन्य वाटते. बळ म्हणजे वजन, हे समीकरण आपल्या मनात कवींनी असे पक्के बसविले आहे.

शिपायाची गोष्ट वेगळी. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये ग्रीकांची एक भाडोत्री फौज इराणच्या साम्राज्याच्या पोटात अडकली आणि लढत लढत घरच्या वाटेला लागली. त्या माघारीचा वृत्तान्त झेनोफन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवला आहे. तो स्वतः त्या फौजेच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. इराणी गोफणकरी दुरून दगडांचा मारा करीत आणि ग्रीकांना त्यांच्यापर्यंत पोचता येत नसे. तेव्हा झेनोफनने एक तोड सुचविली. फौजेत ऱ्होड्स बेटाचे पुष्कळ लोक होते आणि त्यांना गोफण येत होती. तो म्हणाला, इराण्यांचे दगड मूठभर मोठे असतात, म्हणून ते जवळच पडतात. ऱ्होड्सचे लोक शिशाच्या गोळ्या वापरतात आणि त्यांचा पल्ला इराण्यांच्या दुप्पट असतो. त्या रात्री दोनशे गोफणकरी गोळा झाले, आणि पुढे त्यांनी शत्रूला अंतरावर ठेवले. कवीचा वीर जड थाळी निवडतो. शिपायाला घरी जिवंत पोचायचे असते, म्हणून तो मूठभर दगड टाकून लहानशी गोळी निवडतो.

आता कोणी म्हणेल, शिसे तर दगडाहून जड! धातू म्हणून जड खरेच, पण गोळी मूठभर दगडापेक्षा पुष्कळ लहान आणि वजनाने हलकी असे. येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. हातातून सुटेपर्यंतचा कारभार हाताचा, आणि सुटल्यानंतरचा कारभार हवेचा. हाताला हलकी वस्तू आवडते, कारण तेवढ्याच जोरात तिला जास्त वेग देता येतो. हवेला मात्र हलकी आणि पसरट वस्तू अडविणे सोपे जाते. कापसाचा बोळा सर्व बळ एकवटून फेकून पाहा. तो पायाशीच पडेल. शिशाच्या लहान गोळीने दोन्ही धनी राखले: हाताला ती जड वाटली नाही, आणि अंगाने बारीक असल्याने हवेनेही तिच्याकडून फारशी पट्टी वसूल केली नाही.

आणखी एक मर्यादा आहे. वस्तूचे वजन निम्मे केले म्हणून वेग दुप्पट होत नाही. कारण फेकणाऱ्याला वस्तूबरोबर स्वतःचा हातही फिरवावा लागतो, आणि हाताला वजन असतेच. दगड हलका करता करता अशी वेळ येते की, सगळा जोर हात हलविण्यातच खर्च होतो आणि दगडाला नवा वेग काही मिळत नाही. त्याच्या खाली जाण्यात लाभ नाही, त्याच्या फार वर जाण्यातही नाही. आबांचे ‘ज्याच्या त्याच्या हाताचा गुंडा’ हे शास्त्र अगदी बरोबर आहे.

गडाच्या तटावर मात्र हा हिशेब उलटतो, आणि आमच्या मुलुखात ते समजायला पुस्तक लागत नाही. बांधावरून समोर तोरण्याची झुंजार माची दिसते. पलीकडच्या रांगेवर राजगड त्याच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्यांसह बसला आहे. भोरच्या अंगाला रोहिडा आहे. असल्या गडाला वेढा पडला म्हणजे वर चढणाऱ्यावर दगडधोंडे लोटीत. तेथे दगड जितका जड तितका बरा, कारण तो फेकणारा हात माणसाचा नसतो, पृथ्वीचा असतो. पृथ्वीचा हात कधी थकत नाही आणि त्याला लहानमोठे सारखेच. दुरून येणाऱ्याला टिपायचे असेल तर मात्र फेकणारा हात माणसाचा, आणि तेथे बेताचा गुंडाच हवा. एकाच तटावर दोन दगड, आणि दोन हात.

जडाचे सामर्थ्य ते जागेवर नेता येईल तेवढेच, याचाही दाखला याच दोन गडांनी दिला आहे. १७०३ च्या डिसेंबरात औरंगजेबाने राजगडाला वेढा घातला. घाट-नाल्यांतून तोफा ओढीत बादशाही फौजेची दमछाक झाली, आणि १७०४ च्या फेब्रुवारीत गड हाती आला. मग पाळी तोरण्याची. तो मार्चमध्ये पडला, पण तोफांनी नव्हे. अमानुल्लाखान मूठभर पायदळ घेऊन रात्री दोरावरून कड्याने वर चढला. मौज आणि दुःख असे की, ते पायदळही मावळ्यांचेच होते. कडा चढण्याची हलक्या पावलांची विद्या आमचीच. पण विद्या शिकविणाऱ्याची मालकी मानीत नाही, जो वापरील त्याची ती.

असो. आपण थाळीकडे वळू. ऑलिंपिक खेळांत थाळीफेक आहे. पुरुषांची थाळी २ किलोची, स्त्रियांची १ किलोची. आता एक विचित्र गोष्ट पाहा. पुरुषांचा विक्रम जर्मनीच्या युर्गेन शुल्ट याने १९८६ मध्ये केला: ७४.०८ मीटर. तो अडतीस वर्षे टिकला. २०२४ मध्ये लिथुआनियाच्या मायकोलस अलेक्ना याने तो मोडला आणि २०२५ मध्ये स्वतःचाच विक्रम ७५.५६ मीटरपर्यंत नेला. स्त्रियांचा विक्रम गॅब्रिएल राइन्श हिचा, १९८८ चा: ७६.८० मीटर! म्हणजे जगातला सर्वांत बलदंड थाळीफेक्या जेथवर पोचला, त्याच्या मीटरभर पुढे एका स्त्रीची थाळी पडली आहे. यात चमत्कार काही नाही. तिची थाळी निम्म्या वजनाची आहे. पण ‘तुझ्याच्यानं नाय व्हायचं’ असे म्हणण्यापूर्वी हातात दिलेले वजन काय आहे ते विचारावे, एवढा बोध यातून निघतो. वजन ठरविणारा एक असतो आणि ते फेकणारा दुसरा.

थाळी थोडीशी तरी हवेवर तरंगते. गोळा किंवा दगड तरंगत नाही. येथे इतिहासाला नवे वळण मिळते. आतापर्यंत हवा वैरीण होती. चपटी वस्तू फिरवीत सपाट फेकली की तीच हवा तिला खालून हात देऊ लागते. भाटघरच्या जलाशयाच्या काठी उभे राहून चपटी कपरी पाण्यावरून टप्पे खात जाईल अशी जो कोणी लहानपणी फेकला असेल, त्याला या विद्येचा पहिला धडा मिळालेला आहे. कपरी फिरत असते म्हणून तिचा तोल राहतो. भोवऱ्याचेही तेच: फिरतो तोवर उभा, थांबला की आडवा.

फिरत्या चपट्या वस्तूचे शस्त्र करण्याची कल्पना आपल्या देशात जुनी. विष्णूच्या बोटावरचे सुदर्शन चक्र देवघरातल्या तसबिरीत सर्वांनी पाहिले आहे. पण चक्र केवळ तसबिरीतले नव्हे. निहंग शिखांनी ते खरोखर वापरले. उंच निळ्या पगडीवर पोलादी चक्रे चढविलेले निहंग आजही नांदेडला हुजूर साहिब येथे पाहावयास मिळतात. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये तेथेच निवर्तले, म्हणून ते स्थान शिखांच्या तख्तांपैकी एक झाले. या चक्राची घडण नीट पाहावी. मधला भाग काढून टाकलेला, नुसती पातळ कडी उरलेली. वजन कमी, आणि जे आहे ते सगळे कडेला. भोवऱ्याचा तोल कडेच्या वजनावर राहतो. म्हणून मधले वजन गेले तरी बिघडत नाही, उलट हाताला हलके पडते. कोणा अनामिक लोहाराने हे तत्त्व भात्यासमोर बसून सोडविले होते.

आता खेळातली तबकडी. तिची कुळकथा पक्वान्नाच्या ताटल्यांशी जोडलेली आहे, म्हणून दिवाळीच्या अंकात ती शोभेल. फ्रेड मॉरिसन नावाचा एक अमेरिकन तरुण १९३७ मध्ये आपल्या प्रेयसीबरोबर लाह्यांच्या डब्याचे झाकण फेकून खेळत होता. पुढे दोघे समुद्रकिनाऱ्यावर केक भाजायचे पत्र्याचे थाळे फेकत असता एकाने तो थाळा पंचवीस सेंटांना विकत मागितला. दुकानात त्याची किंमत पाच सेंट होती! मॉरिसनच्या डोक्यात धंद्याचा दिवा लागला. मध्ये महायुद्ध आले आणि तो लढाऊ विमान चालवून आला. १९४८ मध्ये त्याने एका भागीदाराबरोबर प्लास्टिकची तबकडी काढली. १९५७ मध्ये व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीने त्याच्या सुधारलेल्या तबकडीचे हक्क घेतले आणि त्याच वर्षी तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव दिले. कनेक्टिकट राज्यात फ्रिस्बी नावाची पाय विकणारी बेकरी होती; तिच्या रिकाम्या पत्र्याच्या ताटल्या फेकून विद्यार्थी खेळत, असे सांगतात.

व्हॅम-ओ कंपनीतल्या एड हेड्रिक याने या तबकडीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार रेघा उठवून तिचे उड्डाण स्थिर केले आणि त्याचे पेटंट त्याला १९६७ मध्ये मिळाले. त्यानेच १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये तबकडी-गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले, आणि साखळ्यांची टोपलीही त्याचीच. २००२ मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकात मिसळून तबकड्या ओतण्यात आल्या. कोणाचे मन कशात अडकेल सांगता येत नाही.

पुढचे पाऊल १९८३ चे. डेव्ह ड्युनिपेस याने तबकडीची बोथट, गोलसर कड टाकून तिला निमुळती केली. एवढ्याने हवेची अडवणूक कमी झाली आणि पल्ला एकदम वाढला. आजचे सारे ड्रायव्हर या कडेचे वंशज आहेत. खेळाच्या नियमाप्रमाणे तबकडीच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमहून अधिक वजन चालत नाही. ड्रायव्हरचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर. म्हणजे वजन जास्तीत जास्त पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. व्यासाने ती पुरुषांच्या ऑलिंपिक थाळीएवढीच भरते, पण वजन अकराव्या हिश्श्याहूनही कमी. आणि पल्ला? २०१६ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड विगिन्स (धाकटा) याने नेव्हाडाच्या वाळवंटात पाठीशी जोराचा वारा घेऊन तबकडी ३३८ मीटरांवर फेकली. थाळीच्या विक्रमाच्या जवळजवळ साडेचारपट!

कित्येक वर्षे खेळाडू मात्र ओडिसियसच्याच वाटेने जात राहिले. नियम देईल तेवढे वजन घ्यायचे, जो जड फेकील तो मर्द. मग हळूहळू लोकांना अनुभव येऊ लागला की, बेताच्या हाताला दीडशे ग्रॅमची तबकडी लांब जाते. कारखानदारांनी प्लास्टिकात हवेचे बारीक बुडबुडे मिसळून त्याहूनही हलक्या तबकड्या काढल्या. त्यांतल्या काही तर पाण्यावर तरंगतात.

आता आपल्या बांधावरचे कोडे सोडविता येईल. प्रत्येक ड्रायव्हर एका ठरावीक वेगासाठी घडविलेला असतो. उजव्या हाताने छातीपासून फेकलेली तबकडी वेग फार झाला की उजवीकडे कलते, आणि वेग कमी पडला की डावीकडे वळून खाली येते. मधला वेग साधला तर ती आधी किंचित उजवीकडे झुकते, मग हळूच डावीकडे परतते आणि हवेत जास्तीत जास्त वेळ राहते. पोरीच्या हातात जड तबकडीला हवा तो वेग आलाच नाही, म्हणून ती लगेच डावीकडे मेली. हलकीला वेग थोडा जास्त मिळाला, उचलायला वजन कमी असल्याने हवेनेही तिला जास्त वेळ तोलून धरले, म्हणून ती अकरा पावले पुढे गेली.

पुतण्याचे याच्या उलट झाले. त्याच्या हातात वेग भरपूर. समोरच्या वाऱ्याने त्यात आणखी भर घातली. तबकडीला हवेचा वेग कळतो, तो हाताचा की वाऱ्याचा हे कळत नाही. हलक्या भोवऱ्याचा तोल जसा लवकर ढळतो, तसा हलक्या तबकडीचाही. ती उजवीकडे कलली आणि सावरण्याइतके बळ तिच्या फिरण्यात नव्हते. त्याला समोरच्या वाऱ्यात जड तबकडीच बरी. वारा पाठीवर असता तर मात्र त्यालाही हलकीने साथ दिली असती. ‘वारा पाहून पाठ द्यावी’ ही आपली म्हण संधिसाधूंना उद्देशून आहे खरी. पण तबकडी फेकणाऱ्याने ती अक्षरशः पाळावी.

आणि फेकीच्या इतिहासातली आणखी एक गोष्टही सांगितली पाहिजे. कोणतेही यंत्र न वापरता केवळ हाताने फेकलेली एक वस्तू २००३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर, केवढी लांब गेली: ४०६ मीटर! फेकणारा एरिन हेमिंग्ज, आणि वस्तू होती ‘एरोबी’ नावाची प्लास्टिकची कडी. तबकडी नव्हे, कडी! मध्ये पोकळ, वजनाला हलकी, सगळा भार कडेला. नांदेडच्या निहंगाने पगडीवरून चक्र उतरवून तिच्याशेजारी ठेवले, तर दोघी एकाच घराण्यातल्या म्हणून ओळखू येतील.

मी हे सारे आबांना थोडक्यात सांगितले. त्यांनी ग्रीकांना आणि अमेरिकनांना सारख्याच शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजी आमचंच खरं.” मग ते उठले, पायाजवळच्या ढिगातून एक गुंडा उचलून टाकला, दुसरा उचलून टाकला, तिसरा तळहातावर दोनदा उडवून पाहिला आणि खोळीत ठेवला. एक फेरा, आणि दोरीचा आवाज झाला. गरव्या भाताच्या पार पलीकडच्या टोकाला मुनियांचा थवा उठला. पुतण्याची जड तबकडी जेथे पडली होती त्याच्याही पुढे. पुतण्याने हात जोडले.

या विद्येची आता शेवटची पिढी उरली आहे. पाखरे राखायला चकाकणाऱ्या फिती लावतात, बुजगावणी असतात; गोफण विणणारे हात गावोगाव कमी झाले. ती गेली म्हणून शेती अडणार नाही, हे मला कळते. पण आपण वस्तूबरोबर तिच्यातली समजही टाकून देतो, आणि मग तीच समज परदेशातून प्लास्टिकच्या डब्यात विकत आणतो. आपल्या हाताला किती पेलते ते ओळखून तेवढेच घ्यावे, आणि घ्यावे ते पुरत्या वेगाने सोडावे, हे आबांना कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते.

निघताना मी अंगणातला किल्ला पाहिला. तोरणाच केला होता. माची ओळखू येत होती, पेरलेली मोहरी उगवून झाडी झाली होती. दारावर, बुरुजावर विकतचे मातीचे मावळे उभे होते. सगळ्यांच्या हाती ढाल-तलवार. मी सहज म्हणालो, “यांच्यात गोफणवाला कोणी नाही वाटतं?”

पोर क्षणभर विचारात पडली. मग तिने परकराच्या काठाचा सुटलेला दोरा दातांनी तोडला, एका मावळ्याच्या तलवारीला बांधला आणि दोऱ्याच्या वळशात एक खडा अडकवू लागली. पहिला खडा मोठा झाला; मावळा तोंडावर आपटला. तिने तो टाकला आणि लहान खडा शोधायला अंगणात उतरली. पिवळी तबकडी पुतण्याने परत मागितली नाही.